भिंतीवरची शालन

"काका, काकूंचा एखादा फोटो मिळेल का?"

यास्मिननं हे विचारलं तेव्हा मी चौकशीच्या खिडकीत बसून बारामती गाडीच्या कंडक्टरच्या कागदावर सही करत होतो. हात तिथंच थांबला. कंडक्टर म्हणाला, "सायेब, सही." मी सही केली, पण ती रकाना सोडून खाली गेली.

"फोटो कशाला?"

"चेहरा काढायचाय. नुसता गॅस आणि पातेलं काढलं तर लोकांना वाटेल, दुधाची जाहिरात आहे."

पोरगी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. एकोणीस वर्षांची, ओढणीच्या टोकाला निळा रंग लागलेला, हातात कार्डबोर्डवर चिकटवलेला कच्चा आराखडा. आराखड्यात खरंच एक गॅसची शेगडी होती, एक पातेलं होतं आणि बाकी सगळा कोरा कागद होता.

"बघतो," मी म्हणालो. "घरी असेल कुठंतरी."

असेल कुठंतरी असं काही नव्हतं. फोटो माझ्या पाकिटात होता, खिशातच.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी फलटणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणत. गाड्यांच्या नोंदी करायच्या, माईकवरून गाड्या पुकारायच्या आणि दिवसभर खिडकीशी येणाऱ्या माणसांना उत्तरं द्यायची, एवढं काम. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझ्याशी दोनअडीचशे माणसं बोलायची. सहानंतर दुसऱ्या दिवशीच्या दहापर्यंत एकही नाही. खोलीवर गेलो की मी उगाच खाकरायचो, घसा आहे की गेला हे बघायला.

या रिकाम्या वेळात मी कविता करायचो. त्या वर्षी गावातल्या वाचनालयानं नगरपालिकेला गाठून एक उपक्रम काढला, त्याचं नाव 'भिंत बोलते'. स्टँडची मागची लांबलचक भिंत पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली होती. ती पांढरी करून घ्यायची, तिचे बारा तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर गावातल्या एका कवीची कविता आणि तिच्याशेजारी कलामहाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचं चित्र. कवी मागवले तर चौतीस निघाले. बारा घेतले आणि उरलेले बावीस त्यानंतर वाचनालयाच्या कार्यवाहांना रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. माझा नंबर लागला त्यात माझ्या कवितेपेक्षा माझ्या खिडकीचा हात जास्त असावा. स्टँडवरची भिंत रंगवायची म्हणजे स्टँडवरचा एक माणूस आत असलेला बरा. मग चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि माझ्या नावासमोर 'शिकलगार यास्मिन, द्वितीय वर्ष' आलं.

माझी कविता चार ओळींची होती.

ती गेली तेव्हा दूध गॅसवर होतं.
मी गॅस बंद केला, एवढंच.
तेव्हापासून या घरात
काहीच उतू जात नाही.

ही कविता मी फलटणला बदलून आलो त्याच वर्षी वाचनालयाच्या मासिक बैठकीत वाचली होती. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेल्या वहिनी?"

मी म्हणालो, "चार वर्षं झाली."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शालन चार वर्षांपूर्वी गेली होती, सकाळी पावणेनऊच्या गाडीनं, मिरजेला, भावाकडे. तिथं ती एका बालवाडीत शिकवायला लागली होती आणि ठणठणीत होती. पण मराठीत गेली म्हटलं की ऐकणारा त्याला हवं ते ऐकतो आणि अध्यक्षांनी जे ऐकलं ते मी दुरुस्त केलं नाही. उद्या करू म्हटलं. मग शेजारच्या माउली संक्रांतीला तिळगुळाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकट्या माणसाचं कठीण असतं हो." बायको सोडून गेलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते मी आधीच्या गावात पोटभर बघून आलो होतो. मी आलो की गप्पा थांबायच्या. इथं मी आलो की लोक सरकून जागा द्यायचे. अशी सात वर्षं गेली. दुरुस्ती राहून गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मी यास्मिनला फोटो दिला. लग्नानंतर सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, शालन चोवीस वर्षांची. यास्मिननं तो ओढणीला हात पुसून मग धरला.

"किती सुंदर होत्या हो काकू."

"होय," मी म्हणालो. एवढं मी शालनला कधी म्हणालो नव्हतो.

तीन वाजता कॉलेज सुटलं की यास्मिन यायची. दोन गाड्यांच्या मध्ये वेळ मिळाला की मी मागच्या बाजूला जाऊन उभा राहायचो. आधी पाचच मिनिटं, मग पंधरा. ती शिडीवर उभी राहून रंगवायची आणि वरून प्रश्न विचारायची. काकूंना कोणता रंग आवडायचा? काकू हसताना दात दिसायचे का? मी सांगत गेलो. शालन झोपेत बालवाडीतल्यासारखी गाणी पुटपुटायची. भाजीत मीठ जास्त झालं की आधी स्वतःलाच शिव्या घालायची आणि मग मला. भाकरी करायला बसली की बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची आणि ते बघायला मी उगाचच पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचो. हे सगळं माझ्या आत होतं हे मलाच माहीत नव्हतं. तोंडाला बांध नव्हता त्या आठवड्यात. मला फार बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

गुरुवारी चेहरा पूर्ण झाला. आठ फूट उंच शालन स्टँडच्या मागच्या भिंतीवरून बघत होती. पोरीनं डोळे असे काढले होते की ती आता काहीतरी विचारणार आहे असं वाटावं. मी बघत उभा असतानाच मिरज डेपोचा कंडक्टर कोळेकर लघुशंकेला म्हणून तिकडं आला आणि थबकला.

"आवं सायेब, ह्या तर आमच्या बाई! बालवाडीच्या! आमची धाकटी त्यांच्याकडंच हाय की."

यास्मिन रंग आणायला आत गेली होती. मी कोळेकरचा दंड धरून त्याला चार पावलं बाजूला नेलं.

"माझी बायको आहे ती," मी म्हणालो. अकरा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून वर्तमानकाळात निघालं.

कोळेकर माझ्याकडं बघतच राहिला, मग त्याचं तोंड हसण्यानं भरलं. "म्हंजी बाई ज्यांचं नाव काढत न्हाईत ते तुमी! आन तुमी त्यांस्नी भितीवर काढलंय! सांगतो की बाईंना. उद्याच सांगतो."

नको सांगू, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "रविवारी उद्घाटन आहे. दहा वाजता."

त्या संध्याकाळी मी खोली झाडली. कोपऱ्यातली जळमटं काढली, चादर बदलली. शालन येईल असं मला वाटत होतं म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगत होतो आणि झाडत होतो.

शनिवारी मी चारच्या सुमारास मागं गेलो तर यास्मिन शिडीवर बसून शालनच्या गळ्याभोवती पिवळट तपकिरी गोल गोल पाकळ्या काढत होती. अर्धा हार झाला होता. चंदनाच्या भुशाचा असतो ना, फोटोला घालतात तसा. चेहऱ्याभोवती तिनं एक चौकटही काढली होती.

"हे काय?"

"हार. आमच्यात फोटो लावत नाहीत ना, म्हणून मला नीट माहीत नव्हता. मैत्रिणीच्या घरी जाऊन बघून आले. तिच्या आजोबांना आहे."

"हार नको."

तिचा ब्रश थांबला. "का?"

"तिला... फुलं आवडायची नाहीत." आहे की होती, माझ्या तोंडात आता दोन्हीचा एकच काळ झाला होता.

"पण काका, हार नसला तर काकू गेल्यात हे कळणार कसं? आमचे कॉलेजचे लोहार सर पण म्हणाले, बघणारा म्हणेल ही बाई नुसतीच उभी आहे."

"असू दे की उभी."

ती शिडीवरून खाली उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, माझं काही चुकलं का?"

आता सांगायचं, मी ठरवलं. दोनच शब्द होते. कोळेकरनं शालनला सांगितलं असणार होतं, उद्या ती कदाचित यायची होती आणि तिच्या गळ्यात मेलेल्या माणसाचा हार होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात यास्मिन म्हणाली, "मी जरा जास्तच मनावर घेतलं हे. अब्बांमुळे."

"अब्बांमुळे?"

तिचे वडील धार लावायचे. सायकलला दगडाचं चाक लावून गावोगाव फिरायचे, सुऱ्या, कात्र्या, विळ्या. दोन वर्षांपूर्वी गिरवीच्या रस्त्यावर सायकलवरच त्यांच्या छातीत कळ आली. हे ती सांगत होती आणि ओढणीनं ब्रश पुसत होती, सगळी ओढणी पिवळी करत.

"घरात कुणी त्यांचं नाव काढत नाही. अम्मी रडते म्हणून. फोटो पण नाही बघायला. आणि काका, मला त्यांचा आवाज आठवायचा बंद झालाय. चेहरा आठवतो, चाकाचा आवाज आठवतो, त्यांचा नाही. तुम्हाला काकूंचा आवाज आठवतो अजून?"

शालनचा आवाज मी गेल्या दिवाळीत ऐकला होता. गॅसच्या कार्डावर तिचं नाव होतं ते काढण्याबद्दल तिनं स्टँडवर फोन केला होता.

"आठवतो," मी म्हणालो.

"तुमचं नशीब. मला तुमच्याशीच बोलता येतं हे सगळं. ज्यांचं कुणी गेलं नाही ना, त्यांना सांगून कळत नाही. ते लगेच सांत्वन करायला लागतात."

ती माझ्याकडं बघत होती. सात वर्षांत माझ्याकडं कुणी असं, आपल्यातला म्हणून, बघितलं नव्हतं. आता तोंड उघडलं तर हे संपणार हे मला स्वच्छ दिसत होतं. उद्या चित्र पुरं होणार, ती तिच्या वाटेनं जाणार हेही दिसत होतं, तरी मला तो एक दिवस हवा होता. लाज वाटते, पण असंच होतं ते.

"काही चुकलं नाही तुझं," मी म्हणालो. "छान झालाय हार."

ती हसली आणि परत शिडी चढली.

रविवारी दहाला उद्घाटन झालं. नगराध्यक्षांनी फीत कापली, बारा कवींनी आपापल्या तुकड्यासमोर उभं राहून आपापली कविता वाचली. एका कवीनं भिंतीवर न मावलेली चार कडवीही वाचली. माझ्या वेळी बायका पदर डोळ्याला लावताना दिसल्या. मी वाचताना गर्दीत एकेक चेहरा बघत होतो. शालन नव्हती. सुटल्यासारखं वाटलं, तरी मी परत पहिल्या रांगेपासून चेहरे बघायला लागलो. साडेअकरापर्यंत सगळे पांगले. यास्मिन रंगाचे डबे गोळा करत मागं थांबली होती.

साडेबाराला मिरज गाडी आली. मी नोंद करत होतो. वर बघितलं तर शालन पायरी उतरत होती.

कानशिलाशी केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता. पोपटी साडी, नवी असावी, घडी मोडलेली दिसत होती. हातात मोठी फुगलेली नायलॉनची पिशवी. ती पिशवी तिनं दोन्ही हातांनी खाली घेतली, एका माणसाला काहीतरी विचारलं आणि त्यानं दाखवलं तिकडं, मागच्या भिंतीकडं, निघाली. माझ्या खिडकीकडं तिनं बघितलंही नाही. तिला ठाऊक नसावं मी कुठं बसतो ते.

मी खुर्ची पाडून धावलो. पण दोन गाड्या रिव्हर्स घेत होत्या, मध्ये थांबावं लागलं. मी पोचलो तेव्हा शालन भिंतीसमोर उभी होती, पिशवी पायाशी ठेवून. तिची पाठ माझ्याकडं होती. यास्मिन तिच्याकडं निरखून बघत होती.

"तुम्ही काकूंच्या कोण?" यास्मिन विचारत होती. "तोंडवळा अगदी तोच आहे."

 शालनची नजर चेहऱ्यावर नव्हती, हारावर होती. एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीवर अशी ती नजर फिरली असावी, कारण तिची मान सावकाश अर्धगोल फिरली. मग तिनं कविता वाचली. मग तिला माझी चाहूल लागली असावी, पण ती वळली नाही.

"मी धाकटी बहीण तिची," शालन म्हणाली.

"अगंबाई! मावशी!" यास्मिननं तिचा हात धरला. "काका, बघा कोण आलंय!"

"बघितलं," मी म्हणालो.

"काय सांगतात तुझे काका तिच्याविषयी?" शालननं यास्मिनला विचारलं.

आणि यास्मिननं सांगितलं. सगळं सांगितलं. झोपेतली गाणी, मिठावरच्या शिव्या, बांगड्या. "आणि मावशी, त्या भाकरी करायला बसल्या ना, की काका मुद्दाम पाणी प्यायला आत यायचे. तहान नसायची. नुसतं त्यांना बघायला!"

"तहान नसायची?" शालननं विचारलं.

"नाही हो!"

शालननं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. "छान काढलंस पोरी," ती म्हणाली. "तिला आवडलं असतं."

यास्मिनचा चेहरा असा फुलला की मला तिकडं बघवेना. "मी चहा आणते," ती म्हणाली आणि कॅन्टीनकडं पळाली.

आम्ही दोघं उरलो. अकरा वर्षांनी, आठ फूट शालनसमोर.

"कोळेकर म्हणाले, तुमच्या मालकांनी तुम्हाला भिंतीवर काढलंय," शालन म्हणाली. "कौतुकानं सांगत होते. हाराचं बोलले नाहीत."

"तेव्हा नव्हता."

"मग?"

"काल घातला. पोरीनं. तिला वाटलं..."

"तिला वाटलं. आणि तुम्हाला?"

मी भिंतीकडं बघत राहिलो.

"किती वेळ लागला असता हो? जिवंत आहे, एवढंच म्हणायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. बालवाडीतल्या पोराला विचारावं तसं ती विचारत होती. "आणि दूध नव्हतंच गॅसवर त्या दिवशी. पहाटेच तापवून जाळीच्या कपाटात ठेवलं होतं मी. तुम्ही पेपर वाचत होता. मी म्हटलं, जाऊ का मी? तुम्ही म्हणालात, तुझी मर्जी."

"कवितेत जरा..."

"कवितेत, हो. माहितीये." ती थोडी हसली. "तेरा वर्षं मला वाटायचं, ह्या माणसाला तहान फार. माठ भरून भरून हात दुखायचे माझे. एकदा सांगितलं असतंत, अशोकराव. एकदाच. मी सांगली-मिरज सोडून कुठंही राहिले असते तुमच्या बदल्यांच्या मागं."

तिनं मला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"हार पुसायला सांगतो," मी म्हणालो. "आत्ता. लगेच."

"पोरीला काय सांगाल?"

 ती वाट बघत राहिली. खरंच बघत राहिली, निदान मिनिटभर, आणि मी ते मिनिट उभ्या उभ्या घालवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "परतीची गाडी कितीला आहे?"

"पाऊणला. दोन नंबरच्या फलाटावर."

"हे मात्र लगेच सांगितलंत," शालन म्हणाली आणि पिशवी उचलायला वाकली.

मी पिशवी तिच्या हातातून घेतली. जड होती. खांदा ओढला गेला. गाडीत चढून मी ती सीटखाली सरकवायला लागलो तर मावेना, म्हणून आडवी केली, तेव्हा तोंडाची चेन सरकली आणि आतून पोळपाटाची कड बाहेर आली. लाटणं होतं त्याच्याबरोबर, फडक्यात गुंडाळलेलं. त्याखाली पातळं, मसाल्याचा डबा, बालवाडीच्या रंगीत चित्रांची गुंडाळी. एका दिवसाच्या पाहुणीला यातलं काहीच लागत नाही.

"शालन," मी म्हणालो.

तिनं वाकून चेन लावली. "उतरा आता. गाडी सुटेल." मग ती खिडकीबाहेर बघायला लागली, पलीकडच्या बाजूच्या.

मी उतरलो. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली.

यास्मिन तीन ग्लास घेऊन भिंतीपाशी उभी होती. "मावशी चहा न घेताच गेल्या? रडत होत्या का?"

"यास्मिन, ती शालनची बहीण नव्हती."

"मग?"

"शालनच."

ती आधी हसली. मग तिनं भिंतीकडं बघितलं, मग गाडी वळून गेली त्या फाटकाकडं, मग परत भिंतीकडं. ग्लास तिनं एकेक करून कट्ट्यावर ठेवले.

"म्हणजे अब्बांचं मी सगळं तुम्हाला..."  ती म्हणाली, "मी काल विचारलं होतं. चुकलं का म्हणून."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"तू यायची बंद झाली असतीस."

"आले असते की," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि राग होता. "मला नुसतं कुणीतरी ऐकणारं पाहिजे होतं, काका. त्याला कशाला कुणाला मारायला पाहिजे?"

 तिनं नाक पुसलं, रंगाच्या डब्यांकडं गेली, पांढऱ्याचं झाकण उचकटलं.

"राहायला आल्या होत्या त्या," ती पाठमोरीच म्हणाली. "केवढी पिशवी होती. मला तेव्हाच वाटलं, बहिणीच्या नवऱ्याकडं कुणी एवढं सामान घेऊन येतं का? मिरजेला पुढची गाडी कितीला आहे?"

"चारला."

"मग जा. हार मी आत्ता पुसते, अर्ध्या तासात चित्र स्वच्छ करते, लोहार सरांना काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही चारच्या गाडीनं जा, काका. आज गेलात तर अजून होईल."

ब्रश हातात धरून ती माझ्या होकाराची वाट बघत होती. ऊन भिंतीवर चढलं होतं. मला जायचं होतं. आयुष्यात कुठं जायचं असेल तर तिथंच जायचं होतं मला. मिरजेत उतरलो तर शालनचा भाऊ दारात उभा असेल, आणि मी काय म्हणेन, पहिलं वाक्य कोणतं असेल, हे मी शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं.

"माझी ड्यूटी सहापर्यंत आहे," मी म्हणालो.

यास्मिन माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि शिडी भिंतीला लावली. हारावर तिनं पांढऱ्याचे दोन हात दिले. पहिला ओला असतानाच दुसरा दिला, म्हणून खालचं पिवळं थोडं वर आलंच. चौकटही पुसली. मी खिडकीतून तिरपं बघत होतो. डबे घेऊन ती माझ्या समोरूनच बाहेर पडली, पण गजांपाशी थांबली नाही.

चारला मिरज गाडी तीन नंबरला लागली. मी माईक जवळ ओढला आणि प्रवाशांसाठी ती नेहमीसारखी दोनदा पुकारली.